जांभळ्या पेनानं लिहिलेलं नाव

ब्रिस्टल,
सोमवार, ६ मार्च २००६

सौ. मधुमतीबाई चेऊलकर यांस,
सलाम.

अक्षरावरून आपण ओळखलं असेलच. नसेल तर कळवतो की मी कमलाकर हिवाळे, आपला धाकटा भाऊ. गेल्या नोव्हेंबरात नगरहून इथे आलो. मुलगा श्रीनिवास इथल्या विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून सुचेता, आणि नात पूर्वी, वय वर्षे सात. आपला पत्ता मिरजेच्या आशाबाईंकडून मिळाला. आपण दोघी मिशन हॉस्पिटलात एकत्र नर्सिंग शिकलात, त्या.

पत्र लिहिण्याचं निमित्त असं, की पूर्वीला शाळेत घराण्याचं झाड काढायला सांगितलं आहे. त्यात माझ्या बाजूच्या एका फांदीवर आपलं नाव येतं. तरी जन्मतारीख, विवाहाचं वर्ष आणि अपत्ये एवढी माहिती कळवावी. सोबत रकाने आखलेला कागद जोडला आहे, तो भरून पाठवल्यास आपले श्रम वाचतील.

माझी प्रकृती ठीक आहे. इथल्या चर्चमध्ये दर रविवारी जातो. पाळक एक बाई आहेत, स्वभावानं चांगल्या, पण शिस्तीच्या नावानं आनंद आहे. उपासना चालू असताना मुलं मधूनच धावत येतात, पहिल्या बाकावर चित्रं रंगवतात, आणि कुणी हटकत नाही. आपल्या नगरच्या मंडळीत हे चाललं नसतं.

झाल्यागेल्या गोष्टी उकरण्याचा माझा हेतू नाही, हे आपण ध्यानात घ्यावं.

आपला,
क. य. हिवाळे
(निवृत्त मुख्याध्यापक)


लेस्टर,
११ मार्च

प्रिय कमळू,
सलाम.

सत्तावीस वर्षांपूर्वीचं तुझं शेवटचं पत्रसुद्धा 'मधुमतीबाई चेऊलकर यांस' असंच सुरू झालं होतं. निदान तुझ्यात सातत्य आहे. ज्याला मी कडेवर घेऊन सगळ्या मिशन कंपाउंडभर मिरवलं, ज्याचं नाक माझ्या पदराला पुसलं, तो मला 'आपण' म्हणतो आणि खाली कंसात हुद्दा लिहितो! मी वाचून इतकी हसले की हिलेल बाहेरच्या खोलीतून विचारायला आला.

हिलेल म्हणाला, "बायबलवाल्या मेहुण्याला आज कशी आठवण झाली? नगरच्या घराच्या कागदावर सही हवी असेल." मलाही तेच वाटलं. तसं असेल तर कागद पाठवून दे. मी सही करीन, त्यासाठी झाडाची फांदी हलवायची गरज नाही.

तुझे रकाने भरते. जन्म २ ऑगस्ट १९३२. विवाह १९७१, इथल्याच रजिस्ट्री ऑफिसात. अपत्ये नाहीत. नवरा जिवंत, वय एकोणऐंशी, हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा, आता बागेत टोमॅटो लावतो. तो अजून त्याच्या यहुदी देवळात जातो, मी माझ्या चर्चमध्ये, आणि दोघं एकाच बसनं परत येतो. एवढ्या वर्षांत आम्हाला कुणी एकमेकांपासून वाचवायला आलं नाही.

आता खरी गोष्ट. तुझ्या पाकिटात, त्या आखलेल्या कागदाच्या घडीत, आणखी एक चिठ्ठी होती. ती तू ठेवलेली नाहीस, हे मी पैजेवर सांगते. इंग्रजीत आहे, मराठीत अशी होते: 'डिअर मधू आजी, आजोबांच्या मोठ्या बायबलमध्ये तुमच्या नावावर लाल रेघ आहे. मी विचारलं, त्या मेल्या का? आजोबा नाही म्हणाले. मग रेघ कशाला, ते सांगत नाहीत. तुम्हाला माहीत आहे का? तुमच्याकडे मांजर आहे का? लव्ह, पूर्वी.'

तिला सांग, मांजर आहे. पांढरी आहे, तिचं नाव मझल. रेघेचं मात्र मला माहीत नव्हतं रे. मंडळीच्या वहीतून तुम्ही माझं नाव काढलंत, ते मला आशानं तेव्हाच कळवलं होतं. पण बाबांनी आपल्या हातानं आपल्या सगळ्यांचे जन्म आणि बाप्तिस्मे लिहिलेलं ते पहिलं पान, त्यावरूनही काढलंस, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका सात वर्षांच्या मुलीकडून कळलं.

शाळेच्या झाडाचं तरी खरं आहे का?

मधू


ब्रिस्टल,
२० मार्च

ती. ताईस,
सलाम.

झाडाचं खरं नाही. चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करणाऱ्या माणसानं शाळेच्या नावावर खोटं लिहिलं. चिठ्ठीचं मला ठाऊक नव्हतं. पूर्वीला विचारलं तर म्हणाली, "तुमच्या एन्व्हलपमध्ये जागा होता, म्हणून ठेवला." एकच स्टॅम्प लागला, हेही तिनं मला समजावून सांगितलं.

झालं ते असं. बाबांचं शास्त्र, म्हणजे ते मोठं बायबल, मी श्रीनिवासच्या हवाली करायला बरोबर आणलं. फेब्रुवारीत शाळेला आठवडाभर सुट्टी होती, तेव्हा पूर्वीनं ते मांडीवर घेतलं. सुचेता तिला शनिवारी मराठी वाचायला शिकवते. ती पहिल्या पानावरची नावं लावून लावून वाचू लागली आणि तुझ्या नावापाशी थांबली. पुढचं तुला तिनंच कळवलं आहे. मी 'नंतर सांगतो' म्हणालो, जे मोठी माणसं म्हणतात.

तिच्या शाळेत खोडरबर वापरू देत नाहीत. चुकलं की त्यावर एक सरळ रेघ मारायची आणि शेजारी बरोबर उत्तर लिहायचं. तेव्हा तिची समजूत झाली की आजोबा रेघ मारून बरोबर ते लिहायला विसरले. मी दुपारी डुलकी काढत होतो. जागा झालो तर ती माझ्यासमोर पान धरून उभी. बाबांच्या बोरूच्या अक्षराशेजारी जाड जांभळ्या पेनानं लिहिलेलं, 'मधू आजी'. 'धू'चा उकार उलट्या बाजूला वळलेला.

ताई, मी ओरडलो. शंभर वर्षांचं शास्त्र, आणि त्यात जांभळा रंग! सुचेता स्वयंपाकघरातून पळत आली. पोर रडायला लागली आणि रडता रडताच म्हणाली, "सॉरी आजोबा. विचारल्याशिवाय लिहिलं. माझा चूक." दहा मिनिटांनी तोंड धुऊन आली, माझ्यासाठी दोन बिस्किटं घेऊन, आणि म्हणाली, "सापशिडी खेळू या?" तिच्या लेखी ते प्रकरण संपलं होतं. मी संध्याकाळपर्यंत घुश्शात होतो. कशावर रागावलो होतो ते धड सांगताही आलं नसतं.

आता माझी बाजूही ऐक. तुझं नाव काढण्याचा ठराव मंडळीच्या पंचांचा होता. बाहेर लग्न केलं तर नाव काढायचं, हा नियम मी केलेला नाही. मी सेक्रेटरी होतो. ठराव उपासनेत वाचून दाखवणं हे सेक्रेटरीचं काम. माझ्या बहिणीसाठी नियम वाकवला असता तर लोक काय म्हणाले असते?

थंडी कमी होत नाही. हिलेल यांना सलाम सांग.

कमलाकर


लेस्टर,
२७ मार्च

प्रिय कमळू,

लोक काय म्हणाले असते! लोक आता बहुतेक कबरस्तानात आहेत. तिथे काही म्हणत असतील तर कळव.

तुझ्या नातीचं मात्र मला फार कौतुक वाटलं. सोबत तिच्यासाठी मझलचा फोटो पाठवते आहे.

ठराव तू वाचलास, ते मी कधीच गिळलं. आई पहिल्या बाकावर बसली होती आणि तिनं मान खाली घातली नाही, असं आशानं लिहिलं होतं. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल! मला जे गिळता आलं नाही ते वेगळं आहे. १९७९ साली आई गेली आणि तू मला पत्रानं कळवलंस. पत्र तेराव्या दिवशी माझ्या हातात पडलं. तार केली असतीस तर मी विमानात बसले असते. रजा मिळाली नसती तर नोकरी सोडून आले असते. मी बाळंतिणींच्या वॉर्डात ड्यूटीवर होते, ॲप्रनच्या खिशात ते पत्र घेऊन मी त्या दिवशी चार मुलं जगात आणली. आईला माती द्यायला मी नव्हते, हे माझ्या जिवाला लागलं आहे, कमळू. ते गेलेलं नाही.

आणि दुसरं. आपल्या मंडळीत प्रभुभोजनाच्या आदल्या आठवड्यात पंच घरोघर फिरायचे. कुणाकुणाचं बिनसलंय ते बघायचं, दोघांना समोरासमोर बसवायचं, हातात हात घ्यायला लावायचे, मगच रविवारी भाकर-प्याला घ्यायला मेजापाशी या म्हणायचं. तुझं त्यात फार नाव होतं म्हणे. सहा वर्षं न बोलणाऱ्या दोन जावांना तू एका ताटात जेवायला लावलंस, ही गोष्ट मला इथे लेस्टरमध्ये कळली. लेस्टरचं एक घर तेवढं तुझ्या फेरीत आलं नाही.

हिलेल म्हणतो, त्यांच्यात उपासाच्या मोठ्या दिवसाआधी माणसाची माफी त्या माणसाकडेच जाऊन मागावी लागते. परस्पर देवाकडे मागून भागत नाही. मी त्याला सांगितलं, माझ्या भावाच्या अंगात बाबांचा गर्व उतरला आहे, त्याला ते जमायचं नाही. म्हणून मी काही वाट बघत नाही. तू आपला हवामानाबद्दल लिहीत जा. त्यालाही मी उत्तर देईन.

मधू


ब्रिस्टल,
सोमवार, १० एप्रिल

प्रिय ताई,
सलाम.

दोन आठवडे झाले, तुझ्या पत्राला उत्तर नाही. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा हवामानाबद्दलच लिहिलं. ते कागद फाडले.

तुझं पत्र आल्यापासून मी प्रभुभोजन घेतलं नाही. सगळे उठून पुढे जातात, मी बाकावर बसून राहतो. श्रीनिवासला सांगितलं, गुडघे दुखतात. त्यानं मलम आणून दिलं. आता ते रोज लावावं लागतं.

काल झावळ्यांचा रविवार होता. उपासनेआधी मुलांचा वर्ग असतो. बाईंनी मुलांना सांगितलं होतं, की ईस्टरच्या आधी ज्याला आपण दुखावलं त्याला भेटून मोकळं व्हायचं. म्हणजे आमची पंचांची फेरीच, फक्त इथे पंच नव्हते. इथे उपासनेच्या मध्ये सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन शांती देतात. मोठी माणसं शेजारच्या दोघा-तिघांशी हात मिळवतात आणि बसतात. पूर्वी मात्र उठली, आणि भर चर्चमधून चालत पार पलीकडच्या रांगेत गेली. तिथे ऍडम नावाचा तिच्या वर्गातला मुलगा असतो. त्याला तिनं गेल्या आठवड्यात खेळताना ढकललं होतं आणि त्याचा चष्मा मोडला होता. काय बोलली ते ऐकू आलं नाही. त्यानं नाक खाजवलं, मान हलवली, आणि ती परत आली. चेहरा लालबुंद झाला होता.

पुढे प्रभुभोजनाची वेळ आली. सगळे गेले, ती माझ्याशेजारी बसून राहिली. मला कुजबुजून विचारते, "आजोबा, तुमचं कोण आहे?" मी म्हटलं, "काय कोण?" "सॉरी म्हणायचा आहे तो. मधू आजी, ना?"

मी म्हटलं, लेस्टर फार लांब आहे. ती म्हणाली, "पप्पांकडे कार आहे." मी गीतांचं पुस्तक उघडून पुन्हा मिटलं. मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाली, "यू आर स्केअर्ड, ना आजोबा? मला पण भीती वाटला. ऍडम नो म्हणाला असता तर? इट्स ओके. मी येते तुमच्याबरोबर. मी हात धरते."

ताई, मी म्हणालो नियम. तू म्हणालीस गर्व. मीही मनातून गर्वच धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडी ऐटही होती. बाबांचा गर्व म्हणजे काही लहान गोष्ट नव्हे. पोरीनं ती ऐट काढून घेतली. मला भीती वाटते, एवढंच त्याच्या आत निघालं. येशूनं शिष्यांच्या मध्ये एका लेकराला उभं केलं आणि ह्याच्यासारखे व्हा म्हटलं, यावर मी मुलांसमोर किती वेळा बोललो असेन. दर वेळी मला वाटायचं, की त्या गोष्टीत मी शिकवणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे.

आता तारेचं सांगतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तार मी लिहिली होती. आई गेली त्याच सकाळी पोस्टात गेलो. खिडकीपुढे माझा नंबर आला आणि माझ्या डोळ्यांपुढे तू आलीस, आईच्या शवपेटीपाशी उभी राहून माझ्याकडे बघताना. ते बघणं सोसायची माझ्यात हिंमत नव्हती. मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं, आणि तार खिशात घालून घरी आलो. पत्र चार दिवसांनी टाकलं.

मी चुकलो, ताई. ठरावात चुकलो, रेघेत चुकलो, आणि सगळ्यात जास्त त्या पोस्टाच्या खिडकीपाशी चुकलो. मला माफ कर. ह्याच्यापुढे 'पण' लिहिणार नाही.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी १७ तारखेला, श्रीनिवास आम्हाला गाडीनं आणू शकतो. तू नको म्हणालीस तरी मला समजेल.

तुझा कमळू


लेस्टर,
१२ एप्रिल

प्रिय कमळू,

पत्र मी दोनदा वाचलं. नंतर हिलेलनं मोठ्यानं वाचलं, आणि तारेपाशी आल्यावर तोच थांबला.

राग एकदम जाईल असं समजू नकोस. मला त्याची इतकी सवय झाली आहे की तो ठेवायचा कुठे हे कळत नाही. पण ये. सगळे या. दुपारच्या जेवणाला या. काहीही आणू नका.

मधूताई


ब्रिस्टल,
१८ एप्रिल

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो.

तू काही आणू नका म्हणालीस, तरी ईस्टरला बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी स्वतः बेकरीत जाऊन ते क्रुसाची खूण असलेले गोड पाव घेतले. एक डझन. यहुद्यांच्या वल्हांडण सणाचा धडा मी चाळीस वर्षं शिकवला. सात दिवस बेखमीर भाकरी खायची, खमीर घरात ठेवायचं नाही, हे मी पोरांकडून पाठ करून घ्यायचो, न आलं तर छडी. आणि नेमक्या त्या सात दिवसांत मी एका यहुदी माणसाच्या दारात बारा फुगलेले पाव घेऊन उभा! वर प्रत्येकावर क्रूस! इतकी वर्षं ते लोक मला फक्त शास्त्राच्या पानांत राहतात असं वाटत होतं, त्यातला एक माझा मेहुणा आहे हे कधी डोक्यात शिरलंच नाही.

दार उघडल्यावर तुझ्याशी बोलायची मी जी चार वाक्यं गाडीत तयार केली होती, ती त्या गोंधळात कुठल्या कुठे गेली. तू पिशवीत डोकावलीस, मग माझ्याकडे बघितलंस, आणि आईसारखं पदर तोंडाला लावून हसायला लागलीस. मला रडू कोसळलं. पूर्वीनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता, ते तू पाहिलंसच.

हिलेलभावजींचे मी आभार कसे मानू? एकोणऐंशी वर्षांचा माणूस, आतून सहा खुर्च्या स्वतः उचलून दारापुढे मांडतो आणि म्हणतो, "खमीर घरात नको, असा नियम आहे. अंगणाबद्दल मी काही विचारणार नाही." पूर्वी म्हणाली, "पिकनिक!" त्या बोचऱ्या वाऱ्यात कोट घालून आपण पाव खात बसलो, आणि ते त्यांची कोरडी बेखमीर भाकरी खात आमच्या पावांची वाखाणणी करत होते. नियम पाळूनही असं वागता येतं, हे मला अडुसष्टाव्या वर्षी दिसलं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी शास्त्र बरोबर आणलं होतं, आणि तुझं नाव तू तुझ्या हातानं पुन्हा लिहावंस अशी माझी इच्छा होती. तू पान बघितलंस, त्यावरून बोट फिरवलंस आणि मिटून ठेवलंस. का? आणि निघायच्या आधी स्वयंपाकघरात पूर्वीनं तुला काहीतरी विचारलं. ती मला सांगायला तयार नाही, म्हणते, "ते मधू आजीचं आहे."

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, त्या पानावर हिलेल आजोबांचं नाव लिहू का. मी हो म्हटलं. मग म्हणाली, मझलचं? मी स्पष्ट नाही म्हटलं. मांजराचा बाप्तिस्मा झालेला नाही. ब्रिस्टल यायच्या सुमाराला मी म्हणालो, बरं, पण पेन्सिलनं.

येत्या रविवारी मी पुढे जाणार आहे. मलमाची ट्यूब श्रीनिवासला परत दिली.

तुझा कमळू


लेस्टर,
२१ एप्रिल

प्रिय कमळू,
सलाम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. माझं नाव त्या पानावर लिहिलेलं आहे. जांभळ्या रंगात आहे, उकार उलटा आहे, पण माझंच आहे. दुसऱ्यांदा कशाला लिहू?

दुसऱ्याचं उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले.

मी तिला मनुका काढून देत होते. ती म्हणाली, "मधू आजी, तुम्ही पण आजोबांवर रेघ मारली होती का?" मी म्हटलं, "नाही गं बाई." आणि तिच्या मुठीत मनुका कोंबल्या. खोटं बोलले, कमळू. सात वर्षांच्या मुलीच्या तोंडावर खोटं बोलले.

आई आपल्याला सकाळी चहाच्या आधी नावं घेऊन प्रार्थना करायला शिकवायची, आठवतं? आधी घरातले, मग कंपाउंडातले, मग ज्यांनी आपलं वाईट केलं ते. मी आजवर एक दिवस चुकवलेला नाही. वॉर्डातल्या बायकांची नावं घेतली, हिलेलच्या बहिणींची घेतली, एकदा आमच्या भिंतीवर गाडी आदळणाऱ्या माणसाचंही घेतलं. १९७९पासून तुझं नाव मी सोडून देत होते. श्रीनिवासचं लग्न झाल्याचं आशानं कळवलं तेव्हा त्याचं नाव घेतलं, आणि त्याच्या बापाचं ओलांडून पुढे गेले. माझ्या रेघेला शाई लागली नाही, म्हणून ती कुणाला दिसली नाही आणि मी स्वतःला दुखावलेली, मोठ्या मनाची बाई समजत राहिले. वाट बघत नाही, असंही तुला लिहिलं. मी रोज सकाळी पोस्टाच्या वेळेला खिडकीत असायचे.

आज सकाळी तुझं नाव घेतलं. सूर्यप्रकाश चांगला पडला होता, मझल पायाशी होती, आणि तरी जीभ अडखळली. हिलेलनं पेपर खाली ठेवून विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे, फार बरं आहे.

त्यांचा सण काल संपला. पुढच्या रविवारी आम्ही दोघं ट्रेननं ब्रिस्टलला येतो आहोत. हिलेल पाव आणणार आहे, तुझा डझन फेडल्याशिवाय त्याला चैन नाही. पूर्वीला यातलं काही सांगू नकोस. मनुकांच्या वेळी मी खोटं बोलले, हे मला स्वतःच तिला सांगायचं आहे आणि सॉरी म्हणायचं आहे. ती काय म्हणेल याची मला आत्तापासून थोडी भीती वाटते. तू दाराशी ये आणि माझा हात धर.

तुझी मधूताई